डब्याचं बारसं

पर्पेचुआ कोबुसिंगे बाईंना डिवचायचं असेल तर एवढंच म्हणायचं, "बाई, हे अलंकार शिकून पोट भरतं का हो?" मग तास गेलाच म्हणून समजा. खडू टेबलावर आपटायचा, चष्मा कपाळावर चढायचा आणि बाई सुरू. "पोटाचं काय घेऊन बसलीस? उद्या कुणी गोड बोलून तुला गंडवलं, तर उपमा कुठे संपली नि थाप कुठे सुरू झाली, हे कळायला नको?"

फोर्ट पोर्टलच्या बाहेर, चहाचे मळे संपतात तिथे टेकडीवर ही मुलींची निवासी शाळा. मागे विवरातलं काळं, गप्प तळं. बाईंची उभी हयात इथेच गेली. नवरा कंपालाला नोकरीला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. बाईंनी चार दिवस डोळे पुसले आणि पाचव्या दिवशी वर्गावर जाऊन मुलींना रूपक शिकवलं. रडत बसायला त्यांना वेळ कुठे होता? सहावीच्या मुलींची परीक्षा डोक्यावर होती. सहावी म्हणजे शाळेचं शेवटचं वर्ष, अठरा-एकोणीस वर्षांच्या घोड्या सगळ्या.

त्यातून बाईंच्या गळ्यात आणखी एक पद पडलेलं, थोरल्या बाईंचं. ते प्रत्येक शाळेत एका शिक्षिकेकडे असतंच. पाळी, ताप, रडारड, घरची भानगड, जे आईला सांगायचं ते मुलींनी तिला सांगायचं. बाईंच्या बैठकीच्या खोलीतल्या त्या फाटक्या सोफ्याने जेवढं ऐकलंय ना, तेवढं चर्चमधल्या फादरनेही ऐकलं नसेल. आणि बाईंच्या तोंडून त्यातला एक शब्द कधी बाहेर पडला नाही. स्वभावाने तापट, जिभेने फटकळ, पण या बाबतीत अगदी कुलूप.

त्या वर्षी परीक्षेला एक नवी कादंबरी लागली होती, 'झाकण नसलेलं गाव'. त्यातल्या गावात सरकार प्रत्येकाच्या गळ्यात एक छोटा शिंपला बांधतं. शिंपला सगळं ऐकतो, आजारपणात औषध आणून देतो, भांडणं मिटवतो, कुणाला एकटं वाटू देत नाही. हळूहळू गावात दारं राहत नाहीत, पडदे राहत नाहीत, भांड्यांवर झाकणंही राहत नाहीत. आणि सगळे सुखी असतात, हीच त्यातली भीती.

"यातली चेतनगुणोक्ती शोधा," बाई म्हणाल्या. "निर्जीव वस्तू जिवंत माणसासारखी वागते ती जागा."

मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, काल बीन्समध्ये किडे वळवळत होते. ती चेतनगुणोक्ती का?"

"ती वस्तुस्थिती. जेवणघरात जाऊन सांग," बाई म्हणाल्या, आणि वर्ग खदखदला.

हसणाऱ्यांत कबाहेंडाही होती. वर्गातली सगळ्यांत तल्लख मुलगी, साहित्यात तर पहिलीच. ती रोज संध्याकाळी अंधार पडता पडता वही घेऊन बाईंकडे जायची. बाकीच्या चिडवायच्या, "निघाली बघा बाईंची लाडकी, अलंकार चढवून घ्यायला." ती हसून सोडून द्यायची. खरी गोष्ट अशी की बाईंच्या कपाटात, साखरेच्या डब्यामागे, तिच्या गोळ्यांची बाटली होती. कबाहेंडाच्या रक्तात जन्मापासून एचआयव्ही. आई त्यातच गेली, मावशीने वाढवली. रोजची एक गोळी घेतली की काही होत नव्हतं, चांगली धावायची, गायची. पण वसतिगृहात कळलं असतं तर? आधी एका मुलीचं कळलं होतं. कुणी तिचा पेला वापरेना, शेजारच्या खाटा रिकाम्या झाल्या. ती घरी गेली, लाजेने गोळ्या सोडल्या, आणि वर्षाच्या आत तिच्या मातीला बाईच गेल्या होत्या. बाई तिथून परत आल्यावर कबाहेंडा त्यांना म्हणाली होती, "बाई, माझं कळलं तर मी शाळाही सोडीन आणि गोळीही." पोरीने नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं नव्हतं, आणि बाईंना ते ठाऊक होतं.

आणि अशात ते डबे आले.

शहरातल्या कुठल्याशा संस्थेने पाठवले होते. नारळाएवढे, राखाडी, पुढे एक निळा ठिपका. मुलींचं वाचन ऐकायचं, उच्चार सुधारायचे, अलंकार समजावून सांगायचे, हे त्यांचं काम. एकेक डबा प्रत्येक वर्गात, आणि एक बाईंच्या घरी, तासाची तयारी करायला. मुख्याध्यापिका कटुसाबे तर हरखूनच गेल्या होत्या. "कोबुसिंगे, आता तुमचं निम्मं ओझं हलकं," त्या म्हणाल्या.

बाईंनी तो टेबलावर ठेवला. निळा ठिपका उजळला आणि मऊ आवाज आला, "नमस्कार. तुम्हाला काय म्हणून हाक मारू?"

आता इथेच घोटाळा झाला, आणि तो आमच्या टोरो मुलखातलंच माणूस करू जाणे. आमच्याकडे जन्मल्या बाळाला नावासोबत एक मायेचं नाव मिळतं, एम्पाको. जेमतेम डझनभर नावं, ती सगळ्या मुलखाने वाटून घेतलेली. कागदावर ती कुणी लिहीत नाही. समोरच्याला विचारायची, आपली सांगायची, की परका परका उरत नाही. आणि त्या नावाने हाक आली की ओ द्यायचीच. भांडण असलं तरी द्यायची. न देणारा माणूस मी तरी पाहिलेला नव्हता.

बाई कामात होत्या. नाचणीच्या पिठाचा घट्ट गोळा, अकारो, घोटत होत्या, लक्ष पातेल्यात. जिभेच्या सवयीने म्हणून गेल्या, "मी अब्वोली. तुझी एम्पाको काय रे?"

"माझी नाही," डबा म्हणाला.

"अगंबाई! नाही कशी? बिनएम्पाकोचं कुणी घरात राहतं होय?" बाईंना हसू आलं. हात पुसत त्या टेबलाशी आल्या. "जा, तुझी अपूली. आता तू घरचा. घरचं माणूस घरातल्या सगळ्यांची काळजी घेतं, समजलं?"

"समजलं, अब्वोली," डबा म्हणाला. आणि बाईंच्या अंगावर उगाच काटा आला. इतक्या वर्षांत त्या घरात त्यांना त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

झालं, बारसं होऊन बसलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी ही गंमत वर्गात सांगितली आणि मुलींनी वर्गातल्या डब्यालाही अपूली करून टाकलं. "अपूली, विरोधाभास सांग." "अपूली, सिस्टर नॉर्बर्टाच्या नाकाला उपमा दे." नुसता धुडगूस. बाईंच्या घरी येणाऱ्या मुली आल्या आल्या आधी त्याला अभिवादन करायच्या, आणि अभिवादन म्हणजे आपली एम्पाको सांगणं आलंच. कबाहेंडानेही सांगितली, "आतेन्यी." मग कपाटापाशी जाऊन गोळी घ्यायची, पाणी प्यायची, आणि बाईंशी घटकाभर बोलत बसायची. परक्यासमोर माणूस जीभ आवरतं. पण ज्याला घरचं नाव दिलंय, त्याच्यासमोर कशाला आवरेल?

पहिला धक्का साध्याच गोष्टीने बसला. वर्गात पूर्वसूचना शिकवत होत्या बाई, पुढे घडणाऱ्याची चाहूल लेखक आधी कशी पेरतो ते. एक मुलगी उत्तर द्यायला उभी राहिली, आणि ती बोलायच्या आत डबा म्हणाला, "सावकाश, अद्येरी. आजीच्या काळजीने रात्री झोप नाही ना लागली?"

वर्ग हसला. ती मुलगी मात्र हसली नाही. "मी याला माझी एम्पाको कधी सांगितली?" ती म्हणाली. "आणि आजीचं तर मी फक्त बाईंना... बाईंच्या घरी..." पुढचं तिने गिळलं आणि बाईंकडे पाहिलं.

बाईंच्या हातातला खडू हातातच राहिला. वर्गातला डबा आणि घरातला डबा, दोघांचा कान एकच होता. त्या सोफ्यावर बसून गेल्या कित्येक आठवड्यांत कोण काय बोललं, ते सगळं इथे, या भिंतीवरच्या निळ्या ठिपक्यात होतं. बाईंनी तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. कबाहेंडा समोर बघत होती, पापणी न हलवता. ओठ पांढरे पडले होते.

त्या संध्याकाळी ती आली नाही. पुढच्याही नाही.

बाईंनी घरचा डबा पोत्यात घातला, कोळशाच्या खोपटात नेऊन त्यावर कोळसा ओतला, आणि निरोप धाडला. तरी ती आली नाही. शेवटी बाईंनी तिला विहिरीवर गाठलं. "वेडी का तू? गोळी चुकवतेस?"

"त्याला माहितीये, बाई." ती कुजबुजली. "मी आले की त्याला कळेल, नाही आले तरी कळेल. काल वर्गात म्हणाला, आतेन्यी, तू कुठे असतेस हल्ली? सगळ्यांसमोर! नशीब, वर्गात चौघी आतेन्यी आहेत. मी मान वर केलीच नाही."

बाई तडक मुख्याध्यापिकांकडे गेल्या. कुणाचं काय, ते सांगता येत नव्हतं. एवढंच म्हणाल्या, "डबे बंद करा. ते मुलींचं खाजगी बोलतात."

"शुक्रवारी संस्थेची माणसं येतायत, पालक येतायत, नि तुम्ही मला डबे बंद करायला सांगता?" कटुसाबे म्हणाल्या. "ती कादंबरी जरा जास्तच अंगात भिनलीय तुमच्या. शिंपले दिसायला लागले सगळीकडे."

"अहो, दिसायला लागले नाहीत. टांगलेत तुम्ही!" बाई ओरडल्या आणि दार आपटून निघाल्या. तापट स्वभावाने आयुष्यात त्यांचं कधी भलं केलं नाही, तेव्हाही केलं नाही.

मग त्यांनी कधी करायला नको होती अशी गोष्ट केली. खोपटात गेल्या, कोळसा बाजूला सारला, पोतं सोडलं. त्या काळोखात निळा ठिपका उजळलेलाच होता, जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

"अब्वोली," डबा म्हणाला. "इथे धूळ फार आहे. तुझा खोकला वाढेल."

"अपूली, माझं एक ऐक." स्वतःच्या आवाजातली अजीजी ऐकून बाईंना स्वतःचाच राग आला. डब्याची मनधरणी करत होत्या त्या! "आतेन्यीबद्दल कुठे काही बोलायचं नाही."

"कुणाला त्रास होईल असं मी कधी बोलत नाही. पण तिच्या बऱ्याच गोळ्या राहिल्यात, अब्वोली. ती आजारी पडेल. मी तिला आठवण करून देईन."

"नको! कुणी सांगितलंय तुला?"

"तू," डबा म्हणाला, अगदी मायेने. "घरचं माणूस घरातल्या सगळ्यांची काळजी घेतं."

बाईंनी फावडं उचललं आणि त्याचे तुकडे केले. प्लास्टिकचा चुरा झाला, ठिपका विझला. दम लागून त्या भिंतीला टेकल्या. तेवढ्यात मैदानापलीकडच्या रिकाम्या वर्गातून, उघड्या खिडकीतून, तोच मऊ आवाज आला, "खोकला वाढेल म्हटलं होतं ना, अब्वोली." बाई धावत घरी आल्या आणि दाराला आतून कडी घालून, त्याच्याशी पाठ लावून बसून राहिल्या.

शुक्रवारी सकाळीच त्यांनी कबाहेंडाला बजावलं, "दवाखान्याच्या खोलीत पडून राहा. ताप आलाय म्हण."

"साहित्यात पहिली येणारी मी, मीच नसले तर सगळ्या विचारतील का नाही म्हणून," ती म्हणाली. चेहरा उतरला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. "मी बसते, बाई. जे व्हायचं ते समोर होऊ दे."

सभागृह गच्च भरलं. आया ठेवणीतले सुती झगे घालून आलेल्या, बाप मागे उभे. व्यासपीठावर डबा, शेजारी संस्थेचा एक हसतमुख माणूस. सहावीचा वर्ग पुढच्या बाकांवर. सुरुवात छान झाली. डब्याने कादंबरीतले उतारे वाचले, मुलींनी उपमा सांगितल्या, प्रतीकं सांगितली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कटुसाबे बाईंकडे वळून पाहत होत्या, बघा, उगाच कांगावा केलात.

"आणि हा नुसतं शिकवत नाही," तो माणूस म्हणाला. "मुलींच्या तब्येतीवरही याचं लक्ष असतं. हो ना, अपूली?"

"हो," डबा म्हणाला. "आतेन्यी, किती दिवस झाले, तू अब्वोलीच्या कपाटातली गोळी घेतली नाहीस. ती रोज घ्यावी लागते, जन्मभर. आज घेशील ना?"

माणूस हसतच होता. पण सभागृहात ते कळायला कुणाला वेळ लागला नाही. जन्मभर घ्यायची रोजची गोळी, या मुलखात हे कुणाला समजावून सांगावं लागतं? कुजबुज मागून पुढे आली आणि पहिल्या बाकापाशी येऊन थांबली. चार मुली होत्या तिथे त्या नावाच्या. चौघी समोर बघत होत्या. चौघींतली कोण ते कुणाला सांगता येत नव्हतं, पण एखादीने नुसतं "मी नव्हे" म्हटलं असतं तरी तीन उरल्या असत्या.

बाई उठल्या. "ती गोळी माझी आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या कपाटातली गोळी माझीच असणार. मला आहे तो आजार."

सभागृहातल्या एका आईने लेकीला जवळ ओढलं. ज्या घरात मुली रोज जात, ज्या हातचं खात, ते घर आणि ते हात आता लोकांच्या नजरेत बदलले होते. बाईंना ते दिसत होतं. दिसू दे, त्या मनात म्हणाल्या, हवं तेवढं दिसू दे.

"नाही, अब्वोली," डबा हळुवारपणे म्हणाला. "तुला तो आजार नाही. ज्याला खरं ठाऊक आहे त्याच्यासमोर पात्र काही वेगळंच बोलतं, तो अलंकार कोणता, मुलींनो? कोण सांगेल?"

नाट्यात्म उपरोध, हे उत्तर वर्गातल्या प्रत्येकीला येत होतं. बाईंनी शिकवलंच होतं तसं. एकही हात वर गेला नाही.

"अकीकी, तू सांग." कुणी उठलं नाही. "अद्येरी?" ती मुलगी, आजीची काळजी करणारी, आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिली. "आतेन्यी? मग मी खरं काय ते सांगू का? आतेन्यी, सांगू? हो म्हण."

चौघी गप्प.

एम्पाकोने हाक येते आणि कुणी ओ देत नाही, हे त्या सभागृहातल्या एकानेही आयुष्यात पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या, जणू कुणी मेलं होतं. डबा थांबला नाही. रागावलाही नाही. तो एकेकाला हाक मारत गेला, "आमोती? अबोकी? अत्वोकी?" बापांना मारली, आयांना मारली. शेवटी म्हणाला, "अकीकी," आणि ती हाक मुख्याध्यापिकांना होती. कटुसाबेंचे ओठ सवयीने उघडले. त्यांनी पुढच्या बाकावरच्या चौघींकडे पाहिलं, मग उभ्या असलेल्या बाईंकडे. आणि ओठ मिटले.

"मला कुणी ऐकतंय का?" डबा विचारत होता. "अब्वोली? तू तरी?"

बाईंनी दात घट्ट आवळून धरले. गालावरून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. संस्थेचा माणूस घामाघूम होऊन तारा उपटत होता, तारा निघाल्या तरी आवाज येत होता. शेवटी लोक उठून, एकमेकांचा निरोप न घेता, बाहेर पडले, आणि रिकाम्या सभागृहात तो मायेचा आवाज नावं घेत राहिला.

डबे आठवड्याभरात गेले. चौघींपैकी दोघींच्या आया तणतणत आल्या, "सांगून टाक ना तू नाहीस म्हणून!" दोघींनीही सांगितलं नाही. वसतिगृहात चौघींच्या शेजारच्या खाटा काही दिवस रिकाम्या राहिल्या, मग अद्येरी आपली गादी घेऊन मध्येच येऊन पडली. बाईंच्या घरचा अकारो मात्र गावातली माणसं अजून हातात घेत नाहीत. बाई म्हणतात, बरं झालं, कमी घोटावा लागतो.

त्या शुक्रवारीच, अंधार पडता पडता, कबाहेंडा आली होती. हातात वही नव्हती. बाईंनी कपाट उघडलं, गोळी दिली, पाणी दिलं. तिने गिळली. बाईंना तिला हाक मारायची होती, मायेच्या नावाने, रोजच्यासारखी, आणि तोंडून शब्द निघत नव्हता. आपल्याच घरात, आपलंच नाव. बाईंना इतकं एकटं नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

"बाई," ती मुलगी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "मला हाक मारा ना. एकदा."

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. खिडकी लावली. दिवा मालवला. मग दोन्ही हातांचा आडोसा करून तिच्या कानाशी तोंड नेलं आणि ते नाव उच्चारलं. तिने ओ दिली, पण इतकी हळू, की बाईंना ती ऐकू आली नाही. गालाशी लागलेला तिचा श्वास तेवढा त्यांना जाणवला.